मधल्या तीन वर्षांचं काय?

५ जानेवारी, सोमवार

नांदेडचा इंटरव्ह्यू बोंबलला. बोंबलला म्हणजे काय, नीट सुरूच झाला नाही. सकाळी सहाच्या एसटीनं गेले, अम्मीनं दिलेला खिचडीचा डबा स्टँडवरच संपवला आणि अकराच्या ठोक्याला खुर्चीत बसले. समोरच्या साहेबांनी माझा बायोडेटा उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, एम.एस्सी. २०२२ ला झाली, मग मधल्या तीन वर्षांचं काय? मी म्हटलं, घरी होते. घरी म्हणजे? म्हटलं, घरीच. त्यांच्या शेजारच्या मॅडमनी मायेनं विचारलं की लग्न ठरून मोडलं का. नाही म्हटल्यावर त्यांचा जरा हिरमोडच झाला. अकरा वाजून सात मिनिटांनी मी रस्त्यावर.

विशाखा भेटायला आली होती. विशाखा म्हणजे माझी युनिव्हर्सिटीतली रूममेट, आता उमरीच्या तहसीलमध्ये महसूल सहायक. तिनं उसाचा रस पाजला आणि वर दम दिला. म्हणाली, तू एक वही कर, रोज काय करतेस ते लिही, म्हणजे तीन वर्षं काय केलं ते निदान तुला तरी कळंल.

तर ही ती वही. अब्बांना माझं अक्षर लागत नाही, त्यामुळं इथं खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं आहे. अहमदपूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटरी जळल्या की लोक आमच्याकडं आणतात. आतली जळालेली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हा धंदा. सारा तालुका अब्बांना करीम मिस्त्री म्हणतो. २०२२ च्या थंडीत अब्बांचा उजवा हात थरथरायला लागला. लातूरचे डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील, जाणार नाही. आता वेढे मोजून बारीक फटींत तार बसवायची, हे थरथरत्या हातानं कसं व्हायचं? मी तेव्हा निकाल घेऊन नुकतीच घरी आले होते. अब्बा म्हणाले, 'बेटा, जरा हे धर.' ते मी अजून धरूनच आहे.

मी आतल्या खोलीत पडद्यामागं तार भरते. अब्बा बाहेर बसून गिऱ्हाईक बघतात, मोटर जोडून देतात, चालवून दाखवतात. लोकांना वाटतं मिस्त्रीच भरतात. माणूस ठेवावा तर लोक विचारणार, मिस्त्रीला माणूस कशाला लागला? म्हणून माणूस नाही. म्हणून मी. आणि हे बाहेर बोलायचं नाही, असं अम्मीनं मला डोक्यावर हात ठेवून शपथ घातलीय.

आता सांगा, बायोडेटात काय लिहू?

८ जानेवारी, गुरुवार

रब्बीचा सीझन म्हणजे आमची दिवाळी. आज पाच मोटरी आल्या. पाठ मोडून गेली.

मलप्पा काका आले होते. ते चार कोसांवरून येतात आणि बोलतात असं की जणू अजून त्यांच्या रानातच उभे आहेत. अब्बा समोर हातभर अंतरावर आणि हे बोंबलून राहिले, 'मोटर लई गरम व्हायलीय! मागल्या टायमाला गच्च भरली होती, तशीच भरा म्हणावं!' आत मला सगळं लख्ख ऐकू येतं. अब्बांचे कान चांगले आहेत, पण काकांना कोण सांगणार? जाताना त्यांनी हुरड्याची पिशवी अब्बांच्या हातात द्यायची सोडून पडद्याखालून आत सारली. वय झालंय, कुठं काय ठेवावं ते कळत नाही बिचाऱ्यांना.

नेहमीप्रमाणं त्यांनी अब्बांना हाताचं विचारलं. अब्बा नेहमीप्रमाणं हात मांडीखाली दाबून म्हणाले, फर्स्ट क्लास. हुरडा मात्र गोड होता.

९ जानेवारी

तीन मोटरी. हात काळे, नखं काळी. बायोडेटात 'छंद' म्हणून एक रकाना आहे. तिथं मी 'वाचन' लिहिलंय.

११ जानेवारी, रविवार

विशाखाशी तासभर फोन. तिचं म्हणणं, नांदेड-लातूरकडं तीन वर्षांची गॅप म्हटलं की उत्तर एकच, 'एमपीएससी करत होते.' कुणी पुढं विचारत नाही. प्रत्येकाच्या घरात एक तरी करून राहिलेला असतो, त्यामुळं समोरचा नुसती मान हलवतो आणि दुसऱ्या प्रश्नाकडं जातो. तिनं स्वतः खरोखर तीन वर्षं केली, तेव्हा तिला ठाऊक असणारच.

मी म्हटलं, पण मी तर एक दिवस केली नाही. ती म्हणाली, अगं, करणाऱ्यांतले निम्मे पण करत नाहीत.

मग तिनं तिची अभ्यासिका कुठं होती, किती वाजता उघडायची, सगळं पढवलं. मी कॉइल गुंडाळता गुंडाळता राज्यघटना ऐकली. त्या नादात वेढे मोजायचे चुकले आणि एक कॉइल परत केली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारच्या काकूंनी तिळगूळ दिला आणि दुपारी लातूरहून फोन आला. खरंच गोड बोलण्याचा दिवस! पंपाची कंपनी आहे, एमआयडीसीत. सर्व्हिसच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या, असं काम. सोमवारी बोलावलंय.

अम्मी खूश. अब्बा पण खूश झाले, पण मग बराच वेळ पाण्याच्या ग्लासाकडं बघत बसले. मी गेले तर आत कोण बसणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी पण काढलं नाही. खरं सांगायचं तर मला ही नोकरी हवी आहे. लई हवी आहे. चोवीस वर्षांची आले होते या खोलीत, सत्तावीस झाली. मला कामाचा कंटाळा नाही, लपून बसायचा आहे.

१९ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते सगळं लिहिते.

पावणेदोन तास एसटी, मग रिक्षा. खोलीत दोघं. एक वर्षाराणी मॅडम, त्या माणसं भरती करायचं बघतात. दुसरे गुरुपादप्पा सर, सर्व्हिसचे मुख्य. निलंग्याकडचे आहेत, मधून मधून 'हौदा' म्हणतात, म्हणजे कानडीत 'असं होय'. कोपऱ्यात टेबलावर उघडलेली एक जळकी मोटर पडली होती. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं.

प्रश्न आलाच. मी पाठ केल्यासारखं म्हटलं, एमपीएससी करत होते, सर.

सरांनी पेन खाली ठेवलं. चेहरा एकदम उजळला. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, 'मी सहा वर्षं केली. दोनदा मुलाखतीपर्यंत गेलो.' आणि मग सुटले. अभ्यासिका कोणती? मी विशाखाची सांगितली. तिथले मालक अजून चपला मोजतात का? मी म्हटलं, हो. पेपर कोणता अवघड गेला? म्हटलं, सगळेच. पूर्वपरीक्षा किती मार्कांनी गेली? म्हटलं, थोडक्यात गेली. थोडक्यात म्हणजे? तोंडात येईल तो आकडा बोलले, 'शंभर.'

वर्षाराणी मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

सर काही हसले नाहीत. माझी कीव आल्यासारखं त्यांनी एक सोपा प्रश्न टाकला, राज्यपालांची मुदत किती. उत्तर येत होतं मला. पण नजर खाली घालायची ती गेली कोपऱ्यातल्या मोटरीवर, आणि माझ्या तोंडून निघालं, 'सर, ही दोन फेजवर चालवलीय.'

मग मीच बोलत सुटले. दोन भाग काळे ठिक्कर आणि तिसरा जशाचा तसा, म्हणजे लाइटीची एक फेज गेली होती आणि मोटर तशीच ओढत राहिली. शेतकऱ्यानं ऑटो लावून ठेवला असणार, लाइट आली की मोटर आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. यात कंपनीच्या मालाचा दोष नाही, पण तो म्हणणार कंपनीचीच चूक.

'तुम्हाला कसं कळलं?' सरांनी विचारलं.

आणि मी सांगितलं. सगळं. अब्बांचा हात, आतली खोली, तीन वर्षं, पडदासुद्धा. सांगताना डोळे भरून आले, त्याची लाज वाटली नाही. कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होते.

सर म्हणाले, 'अहो, मग एमपीएससी कशाला सांगितली?'

'लोकांना माहीत नाही, सर. अब्बांचा धंदा आहे.'

'हौदा,' ते म्हणाले आणि उठले. मला वर्कशॉपमध्ये नेलं, ओढणी खोचायला सांगितली आणि समोर रिकामा सांगाडा नि तार ठेवली. दीड तासानं त्यांनी माझं काम टॉर्च मारून बघितलं. म्हणाले, फोनवरचं काम जाऊ द्या, मला इथं तपासणीला माणूस पाहिजे, जळून आलेली मोटर बघून कारण सांगणारा. पगार फोनवाल्या कामापेक्षा जास्त.

मी हवेत. मग वर्षाराणी मॅडमनी खाली आणलं. कंपनीच्या नियमाप्रमाणं अनुभवाचा दाखला लागतो. दुकानाच्या कागदावर, किती तारखेपासून, काय काम, कोणतं पद, खाली मालकाची सही. २७ तारखेपर्यंत आणून द्या, आम्ही मालकांना फोन करून खात्री करतो.

एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी नोकरी अब्बांच्या सहीवर आली, आणि ती सही म्हणजे अब्बांनी स्वतः लिहून द्यायचं की माझा हात गेला.

घरी सांगितलं, बघू म्हणालेत.

२१ जानेवारी, बुधवार

सांगितलं नाही.

आज दोन वेळा अब्बांच्या समोर जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा चहाचं विचारलं. दुसऱ्यांदा पण चहाचंच विचारलं. ते म्हणाले, आज चहाचं काय लावलंस?

२२ जानेवारी, गुरुवार

वाईट गोष्ट लिहिते. कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन दाखला टाइप करून आणला. अब्बा सगळ्या कागदांवर मी बोट ठेवते तिथं सही करतात, वाचत नाहीत. त्यात हा एक सरकवला तर कळणार पण नाही. फोन आला तर मीच उचलेन. विशाखाला विचारलं तर ती तहसीलवाली, म्हणाली असल्या सह्यांचे किस्से आमच्याकडं रोज येतात, तू मला विचारलंच नाहीस असं समज.

दुपारी कागद घेऊन बसले. अब्बांनी सही करायला हात मांडीखालून काढला. तो थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरला आणि माझ्याकडं बघून हसले, कुठं करू म्हणून. मी तो कागद गठ्ठ्यातून काढून घेतला. म्हटलं, हा चुकून आला.

काय पोरगी आहे मी! तीन वर्षं त्यांची इज्जत राखली आणि आता त्यांनाच फसवायला निघाले होते.

२३ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

नाश्त्याच्या वेळी सांगून टाकलं, एका दमात, जसं थंड पाणी डोक्यावर घेतात तसं. अम्मी भडकली. तीन वर्षं झाकलेलं तीन मिनिटांत उघडं केलंस, म्हणाली, आणि ते पण लातूरच्या परक्या माणसापुढं. मी रडले. अब्बा भाकरीचा तुकडा मोडायचा प्रयत्न करत होते, तो मोडत नव्हता. अम्मीनं मोडून दिला.

मग त्यांनी एवढंच विचारलं, 'फोनवर मला विचारतील?'

'हो.'

'काय सांगू?'

'खरं,' मी म्हटलं. 'नाही तर नका सांगू. मी दुसरीकडं बघते.'

अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले ते संध्याकाळकडची अस्रची नमाज पढूनच परत आले. दुकान उघडलं नाही. सीझनमध्ये दुपारी दुकान बंद, असं मी जन्मात बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. नोकरी पण गेली आणि अब्बा पण दुखावले.

२४ जानेवारी, शनिवार

अब्बांनी सकाळी हाक मारली. पावतीपुस्तकातला, दुकानाचं नाव छापलेला कागद समोर, पेन हातात. मी म्हटलं, मी टाइप करून आणते, तुम्ही नुसती सही करा. नाही म्हणाले. दाखला मालकानं द्यायचा असतो, उमेदवारानं स्वतःचा स्वतः नाही.

सात कागद गेले. एका ओळीला पाच-पाच मिनिटं. अम्मी म्हणाली राहू द्या, तर तिला भाजी आणायला पाठवलं. मी आत बसले होते, पण तार हातात धरून नुसती बसले. तीन तासांनी अब्बांनी बोलावलं आणि कागद पुढं केला, शुद्धलेखन बघ म्हणाले. अक्षर वाकडंतिकडं, ओळी उतरत गेलेल्या. जसाच्या तसा उतरवून ठेवते:

'लिहून देतो की, आलिया करीम शेख यांनी माझ्या दुकानात दिनांक १४ नोव्हेंबर २०२२ पासून आजपर्यंत मोटर वाइंडिंगचं सगळं काम केलं आहे. या काळात माझा हात चालत नव्हता. त्यांनी भरलेली एकही मोटर भरण्याच्या चुकीनं परत आली नाही. त्याआधी माझ्या हातच्या येत होत्या. पद: मिस्त्री. करीम शेख, मालक.'

मी शुद्धलेखन कसलं बघणार, मला पुढचं दिसेना. 'त्यांनी' लिहिलंय मला. आणि १४ नोव्हेंबर ही तारीख त्यांना कशी आठवली कोण जाणे, मला स्वतःला आठवत नव्हती.

अब्बा म्हणाले, 'चूक माझी आहे, बेटा. हात गेला म्हणायची लाज माझी, आणि आत तू बसलीस. मी काल मशिदीत हाच हिशोब करत होतो.' मी म्हटलं, असं काही नाही. ते म्हणाले, 'आहे. लिहून दिलंय.'

आता माणूस ठेवणार म्हणाले. उघड. आयटीआयची एक मुलगी मागं विचारून गेली होती, तिला बोलावतो, आता लपवायचं काय राहिलंय? एवढं सोपं होतं तर तीन वर्षं आम्ही तिघं काय करत होतो, असं मनात आलं. पण विचारलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

अब्बा सकाळी झेरॉक्स काढायला म्हणून गेले ते अकरा वाजता आले. हातात कागदांची ही एवढी चळत. म्हटलं, अब्बा, कंपनीला एकच लागतो. म्हणाले, 'कंपनीला एकच. बाकीचे गावाला.'

अम्मीनं कपाळावर हात मारला. पण मग तिनंच एक उचलला आणि शेजारच्या काकूंकडं गेली.

आणि अब्बा खरोखर दाखले वाटायला लागले! पाइपच्या दुकानात एक, चहावाल्याला एक. मी लाजून आत पळाले, पण कान बाहेर. सगळ्यांना मोठा धक्का बसेल असं मला वाटत होतं. चहावाला म्हणाला, काय सांगता मिस्त्री, आणि लगेच कपात चहा ओतायला लागला. लोकांना दुसऱ्याच्या घरातल्या मोठ्या गोष्टींचं काही वाटत नाही हेच खरं.

दुपारी मलप्पा काका मोटर न्यायला आले. अब्बांनी त्यांना खुर्ची दिली, दाखला हातात दिला आणि मला बाहेर बोलावलं. मी ओढणीला हात पुसत आले, तीन वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर. काकांनी कागद बराच वेळ धरला. मान डोलवत राहिले, आश्चर्य असं काही दिसलं नाही, बहुतेक चष्मा नव्हता म्हणून वाचता आलं नसेल. पण मग त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. अब्बांकडं नाही, माझ्याकडं बघून.

'मग आता मोटर जळली की लातूरला आणायची का, मिस्त्री?'

अब्बांनीच उत्तर दिलं. थरथरणारा हात उघडा गुडघ्यावर तसाच ठेवून म्हणाले, 'रविवारी इथंच आणा. रविवारी मिस्त्री घरी असतात.'